न्यायाधीशाची फाइल लंडनला अडली तेव्हा

आमच्या नांदगाव पेठेत खरिपाच्या तोंडावर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "सोसायटीचं झालं का?" म्हणजे पीककर्ज मिळालं का. शेतकऱ्याला सावकाराऐवजी संस्थेकडून कर्ज मिळावं, ही कल्पना आपल्याकडे 1904च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून सुरू झाली, असं आपण परीक्षेत लिहितो. ते चुकीचं नाही. पण त्याच्या वीसेक वर्षं आधी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यासाठी अशी एक बँक कागदावर जवळजवळ तयार होती. ती योजना मांडणारा माणूस पुण्याचा जिल्हा न्यायाधीश होता आणि मूळचा स्कॉटलंडचा. नाव विल्यम वेडरबर्न.

हे नाव तुम्हाला बहुधा काँग्रेस अध्यक्षांच्या यादीतून माहीत असेल: 1889 मुंबई, 1910 अलाहाबाद. तिथंच आपण थांबतो. मला मात्र त्याच्या आयुष्यातला न्यायाधीशाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण राजकारण त्यातूनच निघालं असं माझं वाचन आहे.

आधी थोडं घराणं. जन्म 1838, एडिंबरा. वडील मुंबई इलाख्याच्याच नोकरीत होते. थोरला भाऊ जॉन 1857च्या उठावात हिसारला मारला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1860 मध्ये, विल्यम मुलकी सेवेत दाखल झाला. अशा घरातून आलेला माणूस कडवा साम्राज्यवादी निघाला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. म्हणून सांगते, पार्श्वभूमीवरून माणसाचे विचार ठरवून टाकायची घाई करू नका.

आता मुद्द्याचं. 1875 च्या मे महिन्यात सुपे गावापासून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन मुख्यतः एकाच गोष्टीवर हात टाकला: कर्जरोखे. ते जाळले. रोखेच का? कारण रोखा हा कोर्टातला पुरावा होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा असेलही, पण झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. दावा लागला की शेतकरी बहुतेकदा कोर्टात हजरच व्हायचा नाही आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. मग जप्ती, लिलाव.

इथं न्यायाधीश काय करणार? समोर रोखा आहे, त्यावर अंगठा आहे. कायद्यानं निकाल सावकाराच्या बाजूनं. म्हणजे अन्याय घडायला लाचखाऊ न्यायाधीश लागतच नव्हता. प्रामाणिक न्यायाधीशाच्या हातूनच तो घडत होता. वेडरबर्नला हे दिसलं. म्हणून तो आधी लवाद आणि पंचायतीच्या बाजूनं लिहू लागला, म्हणजे वाद कोर्टात येण्याआधीच समेटानं मिटावा.

सरकारनं 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार दिला. चांगलंच झालं, पण कोर्ट तपासणार म्हटल्यावर काही सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखत मागू लागले. बियाण्याला पैसा तर लागणारच होता, तो द्यायला दुसरं कुणी नव्हतं. वेडरबर्नच्या बँकेचा विचार या पोकळीतून आला. एका तालुक्यात प्रयोग करायचा, तिथली जुनी कर्जं तडजोडीनं मिटवायची, त्यासाठी सरकारनं रक्कम आगाऊ द्यायची आणि पुढचं कर्ज बँकेनं माफक व्याजानं द्यायचं. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे पुण्यातले लोक बाजूनं होते. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारनं 1884 मध्ये शिफारस करून प्रकरण लंडनला पाठवलं. भारतमंत्र्यांच्या कचेरीनं ते मान्य केलं नाही. झालं, बँक संपली.

आता पुढच्या तारखा बघा. 1885 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात काम, 1887 मध्ये निवृत्ती, 1889 मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद (त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही 1889च होते म्हणे, परीक्षेत विचारतात). त्याच साली लंडनमधल्या काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीची धुरा. 1893 ते 1900 बॅन्फशायरचा खासदार. पार्लमेंटमध्ये भारताच्या प्रश्नांसाठी त्यानं खासदारांचा गट उभा केला आणि 1895 पासून भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दादाभाई नौरोजींसोबत बसला. फाइल जिथं अडली होती, तिथंच हा माणूस जाऊन बसला. हा कार्यकारणभाव मी जोडतेय, हे लक्षात ठेवा. ह्यूमशी त्याची मैत्री आणि काँग्रेसच्या स्थापनेतला सहभाग हीसुद्धा कारणं आहेतच. तुमच्या प्रबंधात असा दुवा जोडाल तेव्हा "मला वाटतं" हे शब्द गाळू नका.

दुसरी सावधगिरी. वेडरबर्नबद्दलचं बरंचसं लेखन त्याचं स्वतःचं किंवा चाहत्यांचं आहे. त्यात शेतकरी म्हणजे जमीनमालक शेतकरी. गहाण ठेवायला जमीनच नसलेला सालदार त्या योजनेत कुठं बसत होता? मला तो सापडत नाही. शिवाय साम्राज्य सुधारेल यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास होता. तो 1918 मध्ये वारला, तोवर टिळकांचं होमरूल सुरू झालं होतं.

आणि आपल्या वऱ्हाडाचं काय? 1879 चा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच; हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली होतं. कापूस इथंही, कर्ज इथंही, पण कोर्ट वेगळं, कागद वेगळे. दख्खनच्या दंग्यांवरचं वाचून "वऱ्हाडातही असंच असणार" असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून शेजारी एकच शब्द लिहिला: "कशावरून?" सध्या तोच शोधतेय.