कामाच्या ठिकाणचा समूहछळ : संशोधन काय सांगते आणि आपण काय करायचे?

एखाद्याला सगळ्यांनी मिळून एकटे पाडायचे, बैठकीचा निरोप द्यायचा नाही, कामात रोज खोट काढायची, पाठीमागे कुजबुजायचे. याला आपल्याकडे ‘ऑफिसातले राजकारण’ म्हणून सोडून दिले जाते. मानसशास्त्रात त्याला ‘मॉबिंग’, म्हणजे समूहछळ म्हणतात. जुन्नर-आंबेगावातून शाळा, पतसंस्था, दवाखाने आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो ओळखता आला पाहिजे.

संशोधन काय सांगते?

१९८०च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी यावर पायाभूत काम केले. छळाचे ४५ प्रकार त्यांनी नोंदवले. बोलू न देणे, वाळीत टाकणे, बदनामी करणे, निरर्थक कामे देणे हे त्यातलेच. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने असे घडत राहिले, तर तो समूहछळ, असा निकष त्यांनी ठेवला. स्वीडनने १९९३ मध्ये याविरुद्ध नियमही केले.

लेमन यांचा मुख्य निष्कर्ष असा की दोष पीडिताच्या स्वभावात शोधू नये. तो कामाच्या रचनेत आणि कमकुवत नेतृत्वात असतो. साधा वाद वाढतो, गट एका माणसावर उलटतो, वरिष्ठ गटाची बाजू घेतात, ‘हाच माणूस विचित्र आहे’ असा शिक्का बसतो आणि शेवटी तो नोकरी सोडतो. झोप उडणे, नैराश्य, आजारपण हे या छळाचे परिणाम असतात. लोक मात्र त्यांनाच कारण समजतात.

जात कुठे येते?

युरोपातल्या या मांडणीत जात नाही. आपल्याकडे तिच्याशिवाय चित्र पुरे होत नाही, कारण गट बहुतेक वेळा आधीच तयार असतो. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक असताना, त्यांनी इतरांच्याच भांड्यातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवी आणि पद दोन्ही असूनही हे घडले.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी जीवन संपवले. जळगावच्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातल्या पायल यांचा वरिष्ठ सहकारी जातीवरून छळ करत होत्या, असा कुटुंबाचा आरोप आहे. तीन डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले.

बघे काय करू शकतात?

सॉलोमन अॅश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत दिसले की सगळे चुकीचे उत्तर देत असताना एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी माणसावरचा गटाचा दबाव खूप कमी होतो. म्हणून डबा खायला शेजारी बसणारा एक सहकारीही मोठा आधार असतो. विनयातील ‘सम्मुखाविनय’ हेच शिकवतो : वादाचा निवाडा संबंधितांच्या समक्ष व्हावा. समूहछळात निवाडा पाठीमागेच होतो.

काय करावे?

• तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेले लोक रोज लिहून ठेवा. मेसेज, ईमेल जपा.
• तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा उरत नाही.
• समूहछळासाठी भारतात वेगळा कायदा नाही. पण लोकांसमोर जातीवरून अपमान किंवा सामाजिक बहिष्कार झाल्यास अॅट्रॉसिटी कायदा (१९८९, सुधारणा २०१५) लागू होऊ शकतो. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना १९९०च्या दुरुस्तीमुळे त्याचे संरक्षण आहे. जातीचा दाखला तयार ठेवा.
• तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. जुन्नर-आंबेगावचे प्रांत कार्यालय मंचरला आहे. निवेदनाची प्रत तिथेही द्या.
• लैंगिक छळ असेल आणि आस्थापनेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर २०१३च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.
• अत्याचारविरोधी हेल्पलाइन १४५६६. मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६.

कार्यकर्त्यांनी एक करावे : विहारातल्या रविवारच्या बैठकीत नोकरदार तरुणांना कामावरचे अनुभव विचारावेत. राजीनामा दिल्यावर कळण्यापेक्षा ते आधी कळलेले बरे.