प्रथमवाचनाची साक्ष : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'

प्रथमवाचनाचे ठसे समीक्षेच्या इतिहासात सहसा दुय्यम मानले जातात. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा प्रारंभीचा स्वीकार पाहता ही उपेक्षा उचित ठरत नाही. टॉल्किन यांच्या दृष्टीने ही कादंबरी एकसंध होती. परंतु ती जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि त्या काळच्या वाचकाला सुमारे अकरा महिने तेथेच थांबावे लागले.

तथापि, मतभेदांचे मूळ केवळ या अपूर्णतेत नव्हते. हस्तलिखित आधीच वाचलेले लेखकमित्र सी. एस. लुइस यांना तीत वीररम्य आख्यानाचे पुनरागमन दिसले, डब्ल्यू. एच. ऑडन यांना शोधयात्रेचा आदिबंध. उलट संपूर्ण कृती समोर असूनही एडविन म्यूर यांना १९५५ मध्ये तिच्यातील वीर पोरसवदा वाटले, तर १९५६ मध्ये एडमंड विल्सन यांनी तिला हाताबाहेर गेलेले बालवाङ्मय ठरविले. प्रौढांसाठीच्या 'फँटसी'चे संकेत तेव्हा रूढ नव्हते. म्हणून प्रत्येकाने आपल्या परिचयाचा वाङ्मयप्रकार मापदंड म्हणून वापरला.

१९६५ च्या अमेरिकी स्वस्त आवृत्त्यांनंतर हा वाङ्मयप्रकार स्थिरावत गेला आणि त्याचे निकष याच कृतीवरून घडले. पुढील वाचक ते निकष घेऊनच तिच्याकडे आला. प्रकारनामाआधीचा गोंधळ त्याला अनुभवता येत नाही. त्याची साक्ष या विसंवादी परीक्षणांतच उरली आहे.