संकटातली शांती: साष्टीच्या पुराणापासून नगरच्या अभंगापर्यंत

इसवी सनाच्या पहिल्या शतकात पौल नावाच्या एका कैद्याने मॅसेडोनियातल्या फिलिप्पै गावच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिले. तो बेड्यांत होता, आणि निकाल सुटकेचा लागेल की देहदंडाचा, हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही हे पत्र आनंदाच्या उल्लेखांनी भरलेले आहे. चिंता देवाच्या स्वाधीन केली की माणसाच्या बुद्धीला न उलगडणारी एक शांती मनावर पहारा देते, असे हा कैदी बाहेरच्या मोकळ्या माणसांना समजावतो. हा विश्वास पौलाला पूर्वजांकडून मिळाला होता. इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबिलोनच्या फौजांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि यहुदी लोकांना परमुलखात नेले. त्यांच्या स्तोत्रांत देवाजवळ केलेली तक्रार आणि देवावरचा भरवसा एकाच गाण्यात शेजारी शेजारी नांदतात. ख्रिस्ती माणसाच्या मनःशांतीचे हे सर्वांत जुने मूळ. दुःख बोलून दाखवण्याची तिथे मनाई नाही, हे पुढच्या सगळ्या प्रवासात आपल्याला लक्षात ठेवावे लागेल.

मधली शतके ओलांडून आपण 1521 च्या मे महिन्यात येऊ. स्पेनमधल्या पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोला या सरदाराचा पाय मोडला. घरी महिनोन्‌महिने खाटेवर पडून असताना त्याने शौर्यकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा त्याच्या हाती देण्यात आल्या. तेव्हा त्याला एक बारीक गोष्ट जाणवली. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मौज वाटे, पण स्वप्न संपले की मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला, तर विचार थांबल्यावरही समाधान टिकून राही. या निरीक्षणातून पुढे त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक घडले, आणि ते 1548 मध्ये छापले गेले. मन खचलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये, धीर धरावा, हा त्यातला नियम आजही सांगितला जातो. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. शांती ही तोवर देवाची देणगी मानली जाई. इग्नेशियसने ती देणगीच मानली, पण तिच्या येण्याजाण्याकडे डोळसपणे पाहायला शिकवले.

याच इग्नेशियसच्या जेझुइट संघातला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पैठणला तेव्हा एकनाथ हयात होते. स्टीफन्सचे पुढचे सारे आयुष्य मुख्यतः गोव्यातल्या साष्टीत गेले, आणि ती साष्टी शांत नव्हती. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय सुरू झाले होते, 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, त्यांचे देह परत मिळवण्याच्या कामी स्टीफन्स होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या पायाखालची जमीनच सरकली होती. देऊळ गेले, उत्सव गेले, आणि रात्री ऐकायची पुराणेही गेली. ज्या सत्तेने हे सारे हिरावले, तिच्याच आश्रयाने सांत्वनाचा ग्रंथ लिहिला गेला, ही गोष्ट झाकून या इतिहासाचा मान राखता येणार नाही.

त्या ग्रंथाच्या, म्हणजे स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या, आरंभीच तो का लिहिला गेला याची हकिगत आहे. साष्टीत धर्मशिक्षण चालले असता एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीला विचारतो: जुनी पुराणे वाचू नका म्हणता, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण का देत नाही? थोडक्यात, ज्याचे गेले होते त्यानेच हे मागून घेतले. त्याला प्रश्नोत्तरांची पाठ करायची पुस्तिका पुरत नव्हती. चारचौघांत बसून ऐकता येईल, लांबण लावून सांगता येईल, दिवसभराचा शीण उतरवील असे काही त्याला हवे होते. स्टीफन्सने ते ओवीत दिले. ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा 36 अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र 59 अवस्वरांत. मिळून सुमारे 11 हजार ओव्या. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा हा ग्रंथ ऐकताना श्रोत्याच्या कानाला आपल्या घरातलेच बोल ऐकू येत असणार. स्टीफन्स 1619 मध्ये वारला. 1649 आणि 1654 मध्ये पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

त्यानंतर काळ फिरला. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला, आणि छापखान्यांतून मराठी-कोकणी ग्रंथ निघेनासे झाले. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण जगले ते हाताने केलेल्या नकलांवर, आणि त्या नकला मुख्यतः गोवा सोडून दक्षिणेकडे कानडी किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी जपल्या. 1784 मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातल्या हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. पंधरा वर्षांनी, 1799 मध्ये, टिपूच्या पाडावानंतर उरलेले परतले. त्या बंदिवासात या ओव्यांनीच श्रद्धा तगवली, अशी तिथल्या ख्रिस्ती समाजाची धारणा आहे. बाबिलोनच्या निर्वासितांची आणि फिलिप्पैकरांना लिहिणाऱ्या कैद्याची गोष्ट इथे आपल्या भाषेत पुन्हा घडलेली दिसते. तिकडे वसईलाही असेच एक पुराण होते. फ्रान्सिस्को वाज द गिमारायस याने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले आणि 1659 मध्ये छापले गेलेले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले, पण उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांत हे पुराण टिकले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले.

एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या वाटेने दुसरी माणसे आली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आणले, 1805 मध्ये. अमेरिकन मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला पोचले, 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला स्थिरावले. 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. या प्रॉटेस्टंट मंडळींना स्टीफन्सची परंपरा जवळजवळ अपरिचित होती. त्यांनी सुरुवातीला इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले. शब्द समजत, पण गळ्यातून उतरत नसत. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ही अडचण ओळखली आणि देशी चालींची पदे रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. 1876–78 चा दुष्काळ पडला, नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांमधली कितीतरी कुटुंबे मिशनकडे आली, आणि झांज-मृदंगावर म्हणता येणारी ही पदे त्यांच्या ओठी बसली. सांगळ्यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेत जाते, याची मला खंत वाटते.

दुष्काळाच्या वाटेनेच आपण पंडिता रमाबाईंपाशी येतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी जाहीर पुराण सांगून पोट भरत असे. 1870 च्या दशकात उपासमारीने आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये रमाबाई लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. इतके सोसलेल्या बाईला कुणी धीराच्या गोष्टी सांगून काय होणार? त्यांच्या मनाला धक्का दिला तो लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमाने. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे धर्मभगिनी सेवा करत होत्या. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

पण इथे गोष्ट संपली नाही. 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई मोठ्या प्रामाणिकपणे सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता. बुद्धीला पटले होते, मनाला विसावा नव्हता. तो मिळाला 1891 च्या सुमारास, मुंबई-पुण्यात शारदासदन ही विधवांसाठीची शाळा चालवताना चहूकडून टीका झेलण्याच्या दिवसांत. शांती म्हणजे धर्मांतराबरोबर आपोआप मिळणारे बक्षीस, असे मानणाऱ्यांनी ही आठ वर्षे जरूर आठवावीत. पुढे 1896–97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर ‘मुक्ति’ हे आश्रयस्थान उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारावर गेली. 1905 च्या जूनमध्ये तिथे प्रार्थनेची एक लाट उठली. मुली तासन्‌तास रडत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. भूक, मृत्यू, मारहाण पाहिलेल्या त्या मुलींना स्तोत्रकर्त्यांसारखेच देवाजवळ मोकळेपणी रडायला मिळाले. रमाबाईंनी अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या.

नारायण वामन टिळक हे या वाटेवरचे सर्वांत मोठे वळण. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या, तुकाराम नथोजींच्या हातून. संकट आले ते पत्नी लक्ष्मीबाईंवर. नवरा जिवंत असून दुरावलेला, जातीत तोंड दाखवायची सोय नाही. काही काळ त्या नातेवाइकांकडे पंढरपूरला राहिल्या. चार-पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, आणि सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ स्वतःच्या विचाराने सोडवत 1900 मध्ये राहुरीला ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात हा सारा प्रवास आहे. मुलांचे मृत्यू, दारिद्र्य, प्लेग सांगतानाही त्या पुस्तकाची प्रसन्नता कुठे मावळत नाही.

टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत आलो. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणले. ख्रिस्त त्यांना आई वाटतो, सखा वाटतो, गुरू वाटतो. त्याच्याशी ते भांडतात, रुसतात आणि मग निवांत होतात. साष्टीतल्या ब्राह्मणाने मागितले होते ते तीनशे वर्षांनी अशा रीतीने पुरे झाले, आणि या वेळी देणारा परका नव्हता. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी स्थापली, भगवी वस्त्रे घेतली. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले, अस्थी नगरला ठेवल्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे राहिले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात साठांहून अधिक अध्याय लिहून ते पुढे नेले. 1936 मध्ये त्याही गेल्या.

आज ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की सांगळे आणि टिळक एकमेकांशेजारी भेटतात. नगर-सोलापूरकडे मयताच्या घरी संध्याकाळी भजन होते, त्यात हीच पदे असतात. शहरांतल्या चर्चमध्ये गिटार आणि कीबोर्ड आले, हिंदी-इंग्रजी गीते आली, त्याबद्दल मला तक्रार नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ दिले, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. मला काळजी वाटते ती क्रिस्तपुराणाची. 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले, 1956 मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्यात देवनागरीत आणले, 2009 मध्ये नेल्सन फालकाव यांची आवृत्ती निघाली. अभ्यासकांची चांगली सोय झाली. पण मंगळूरकडच्या चर्चमधले जाहीर वाचन 1930 च्या दशकाच्या आसपास थांबले. निदान दुःखसहनाचे अवस्वर तरी उपवासकाळात पुन्हा चारचौघांत मोठ्याने वाचले जावेत, असे मला मनापासून वाटते. छापील देवनागरी पाठ हाताशी आहे, आणि ओवी म्हणायला वाद्यही लागत नाही.