‘मेट्रोपोलिस’ : कादंबरी, मूकपट आणि बेळगावचे एक नाते

कादंबरीवरून चित्रपट निघाला म्हणजे कादंबरीकाराच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ हा बोलपट काढला. आज ‘कुंकू’ म्हटले की शांताराम आणि शांता आपटे आठवतात. मूळ कादंबरीचे नाव सांगणारे थोडेच. हाच प्रकार जगातील एका सुप्रसिद्ध विज्ञानकल्पित कृतीच्या बाबतीत घडला, आणि तिच्या लेखिकेचा धागा बेळगावपर्यंत येऊन पोहोचतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी नाही. ती कृती ‘मेट्रोपोलिस’ आणि तिची लेखिका थेया फॉन हार्बू.

हार्बू १८८८ साली जन्मली. कादंबरीकर्त्री म्हणून नाव झाल्यावर ती जर्मन चित्रसृष्टीत आली, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याच्याशी विवाहबद्ध झाली, आणि दोघांनी मिळून त्या काळचे अनेक गाजलेले मूकपट निर्माण केले. ‘मेट्रोपोलिस’ची कादंबरी आणि पटकथा ही दोन्ही तिचीच. कादंबरी १९२६ साली प्रथम एका सचित्र साप्ताहिकातून क्रमशः व पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली; म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच ती वाचकांच्या हाती होती. कथानक सर्वश्रुत आहे. भविष्यकाळातील एका महानगरात धनिक गगनचुंबी मनोऱ्यांत राहतात, कामगार भूमीखाली. नगराधिपतीचा पुत्र फ्रेडर खाली उतरतो आणि मारिया या कामगारांच्या साध्वी उपदेशिकेवर लुब्ध होतो. रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ एका यंत्रमानवास मारियाचे रूप देतो, आणि त्या मायावी रूपाच्या चिथावणीने कामगार यंत्रे फोडून आपल्याच वस्तीवर पूर ओढवून घेतात.

चित्रीकरण मे १९२५ मध्ये सुरू झाले ते ऑक्टोबर १९२६ पर्यंत चालले. उफा कंपनीने आरंभी सुमारे पंधरा लक्ष मार्कांचा अंदाज धरला होता. प्रत्यक्षात खर्च पन्नास लक्षांच्या पुढे गेला. नगराच्या लहान प्रतिकृती आरशात दाखवून त्या प्रतिबिंबातच जिवंत नट बसविण्याची ऑयगेन शुफ्टानची युक्ती या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाली. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे पहिला खेळ झाला. प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचा होता. कर्जात बुडालेल्या कंपनीने चित्रपट लवकरच परत घेतला व पुष्कळसा कापून टाकला. अमेरिकेतील वितरकांनी तर त्याहूनही मोठी काटछाट केली.

या काटछाटीतील एक तपशील साहित्याच्या शिक्षकाने अवश्य ध्यानी घ्यावा. मूळ कथेत हेल नावाची एक स्त्री आहे. रोटवांग तिच्यावर प्रेम करीत होता. ती नगराधिपतीची पत्नी झाली आणि फ्रेडरला जन्म देताना मरण पावली. गेलेल्या हेलला परत आणावे, या वेडातून यंत्रमानव जन्मास येतो. हे नाव इंग्रजीतील नरकवाचक शब्दासारखे दिसते म्हणून अमेरिकन प्रतीतून हेलचा सारा प्रसंगच काढून टाकण्यात आला. परिणाम असा झाला की, शोकाने भ्रमिष्ट झालेला शास्त्रज्ञ निव्वळ दुष्ट मांत्रिक ठरला. एका शब्दाच्या भयाने एका पात्राचे हृदय काढून घेण्यात आले, आणि पुढे ऐंशी वर्षे टीकाकार ‘पात्रांस हेतूच नाहीत’ हा दोष लेखिकेच्या माथी मारीत राहिले.

दुसरा भेद आपणांस अधिक जवळचा आहे. कादंबरीत फ्रेडरला ती अजस्र यंत्रे निरनिराळ्या देवतांच्या रूपात दिसतात. त्यांत दुर्गा आहे, जगन्नाथाचा रथ आहे आणि गजमुख गणेशही आहे. पडद्यावर या देवसभेतून केवळ नरबळी घेणारा मोलोख उरला. विघ्नहर्त्यास माणसे गिळणाऱ्यांच्या पंक्तीत बसविलेले पाहून मराठी वाचकास हसूही येईल आणि रागही. युरोपीय कल्पनेतील हिंदुस्थान हा असा दुरून पाहिलेला होता. हार्बूच्या १९१८ सालच्या ‘हिंदी समाधी’विषयक कादंबरीतही तोच आहे, तिच्यावरून १९२१, १९३८ आणि १९५९ असे तीन वेळा चित्रपट निघाले.

नियतीचा खेळ असा की, हा दुरून पाहिलेला हिंदुस्थान एके दिवशी तिच्या घरातच आला. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन तेथेच पत्रकारिता करीत होते. १९३३ साली लांग व हार्बू यांचा घटस्फोट झाला. त्यानंतर वयाने बऱ्याच लहान असलेल्या तेंडुलकरांशी तिने खाजगीरीत्या विवाह केला. त्याच वर्षी प्रभात कंपनीने ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनी गाठली होती, आणि लांगने तो देश सोडला. तेंडुलकर पुढे स्वदेशी परतले, बेळगावात त्यांनी मराठी वृत्तपत्र काढले, ब्रिटिशांचा कारावास भोगला, आणि १९४५ साली सेवाग्राम येथे गांधीजींच्या संमतीने इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही हकीकत इंग्रजी ग्रंथात सांगितली आहे.

हार्बू मात्र जर्मनीतच राहिली आणि नाझी पक्षाची सदस्य झाली. हिंदी पती असलेल्या स्त्रीने वंशश्रेष्ठत्वाचा पुकारा करणाऱ्या पक्षात जावे, ही विसंगती कोणत्याही समर्थनाने पुसली जात नाही. तिचे साहाय्य लाभलेले हिंदी विद्यार्थी होते, हे खरे. पण न्यायाच्या ताजव्यात दोन्ही पारड्यांत जे आहे ते ठेवावयास हवे. युद्धानंतर तिला ब्रिटिशांच्या बंदिवासात राहावे लागले, आणि १९५४ साली ती निवर्तली.

तिच्या कादंबरीवर आणखी एक आक्षेप आहे आणि तो खोडून काढणे अवघड आहे. बुद्धी आणि हात यांमध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असा कथेचा निष्कर्ष आहे. एच. जी. वेल्सने १९२७ सालीच चित्रपटावर अतिशय कठोर टीका केली आणि त्यात आपल्याच जुन्या कल्पनांचे शिळे तुकडे दिसतात असेही म्हटले. लांगनेही उत्तरायुष्यात हा निष्कर्ष आपणांस पटत नसल्याचे सांगितले. परंतु १९३६ साली वेल्सने स्वतःच्याच ग्रंथावरून स्वतःच पटकथा लिहून जो खर्चिक चित्रपट काढविला, त्यात उपदेश उदंड आणि माणसे थोडी, असेच झाले. विचार निर्दोष असला म्हणजे कलाकृती जिवंत होते असे नाही, आणि विचार लंगडा असला म्हणजे ती मरतेच असेही नाही. २००१ साली ‘मेट्रोपोलिस’चा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात झाला. २००८ साली ब्वेनोस आयर्सच्या संग्रहालयात जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली. २०१० साली पुनर्रचित चित्रपट बर्लिनमध्ये दाखविण्यात आला, आणि हेल आपल्या जागी परतली. रोटवांगचा शोक पुन्हा समजू लागला. लेखिकेला मिळालेला हा उशिराचा न्याय.

हा चित्रपट मी मये येथे वरच्या वर्गाच्या मुलांस एकदा दाखविला. चोर्ल्याचा घाट चढून गेले की जे बेळगाव लागते, तेथील एका घराशी याचा संबंध आहे, हे सांगितल्यावर मुले सावरून बसली. शेवटी मालक आणि कामगार हस्तांदोलन करतात, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, यंत्रेच मोडली, मग दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी खाल्ले काय?” डिचोली तालुक्यातील मुलाला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही. २०१२ साली येथील खाणी बंद झाल्या, तेव्हा धूळ खाली बसली हे खरे, परंतु दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्ते थांबले नाहीत. त्याच्या प्रश्नाला कादंबरीत उत्तर नाही आणि चित्रपटातही नाही. मजपाशीही ते नव्हते, आणि मी तसे त्याला सांगितले. शंभर वर्षांच्या जुन्या कृतीने खाणीच्या गावातील मुलाला इतका नेमका प्रश्न विचारावयास लावला, हे तिच्या लेखिकेचे श्रेय आहे; ते तरी आपण तिच्या नावावर मांडावे.