४५ मिनिटं, ४६ कोटी डॉलर

नाइट कॅपिटल ही तेव्हाची अमेरिकेतली बडी दलाल पेढी. मुख्यालय न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत. अमेरिकेत सूचीबद्ध असलेल्या शेअर्सच्या उलाढालीत तिचा वाटा सुमारे दहा टक्के. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिच्याच एका स्वयंचलित प्रणालीने पाऊण तासात ही पेढी दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली.

त्या प्रणालीत एआय नव्हतं. पण दर वेळी माणसाला न विचारता खरे पैसे हलवण्याचा अधिकार तिला होता. आज आपण पायथनमध्ये एआय एजंट लिहितो, त्याच्या हाती डेटाबेस, ईमेल, पेमेंटची एपीआय देतो, तेव्हा नेमका हाच अधिकार देत असतो. म्हणून एजंट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा घटनाक्रम सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं. यातले बहुतेक तपशील अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाच्या, म्हणजे एसईसीच्या, २०१३ च्या आदेशात नोंदलेले आहेत.

२००३: नऊ वर्षं आधी

नाइटकडे ‘स्मार्स’ नावाचा राउटर होता. ग्राहकाची मोठी ऑर्डर आली की तिच्या छोट्या ऑर्डरी करून त्या बाजारात पाठवायच्या, हे त्याचं काम. त्यात ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. २००३ मध्ये ती वापरणं थांबलं, पण तिचा कोड काढला गेला नाही. तो सर्व्हरवर तसाच राहिला, आणि योग्य फ्लॅग आला तर चालू होईल अशा अवस्थेत राहिला.

२००५: सात वर्षं आधी

पॉवर पेगमध्ये एक मोजणी होती. मूळ ऑर्डरीइतके शेअर्स घेऊन झाले का, हे ती पाहायची आणि झाले की नव्या ऑर्डरी थांबवायची. २००५ मध्ये ही मोजणी कोडच्या क्रमात आधीच्या टप्प्यावर हलवली गेली. त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतं का, हे कुणी तपासलं नाही. वापरातच नसलेली गोष्ट कोण तपासणार? मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात धोक्याचा क्षण हाच वाटतो. कृती करणारा कोड एका जागी राहिला, तिला आवर घालणारा दुसऱ्या जागी गेला, आणि दोघांची ताटातूट सात वर्षं कुणालाच दिसली नाही.

एजंटच्या बाबतीत ही ताटातूट सात वर्षं थांबत नाही, पहिल्याच आठवड्यात होते. ‘५००० रुपयांवरचा परतावा माणसाला विचारल्याशिवाय देऊ नकोस’ असं आपण प्रॉम्प्टमध्ये लिहितो, आणि परतावा देणारं फंक्शन मात्र कितीही रक्कम स्वीकारतं. प्रॉम्प्टमधलं वाक्य मॉडेल बहुतेक वेळा पाळेल, पण त्याला रोखणारं तिथे काही नाही. नियम फंक्शनच्या दारातच असायला हवा. रक्कम तपासा, हद्दीबाहेर असेल तर एक्सेप्शन फेका, आणि ती तपासणी टाळून आत जाणारी दुसरी वाट ठेवू नका.

२७ जुलै २०१२: पाच दिवस आधी

न्यूयॉर्क शेअर बाजाराची रिटेल लिक्विडिटी प्रोग्रॅम ही नवी योजना १ ऑगस्टला सुरू होणार होती. एसईसीची मंजुरी जुलैच्या सुरुवातीला आली होती, म्हणजे हातात महिनाही नव्हता. नाइटने नवा कोड लिहिला आणि त्यासाठी जुनाच एक फ्लॅग पुन्हा वापरात आणला. पूर्वी तो पॉवर पेग चालू करत असे.

२७ जुलैपासून नवा कोड टप्प्याटप्प्याने स्मार्सच्या आठ सर्व्हरवर चढवला गेला. सात सर्व्हरवर तो पोचला, आठव्यावर एका तंत्रज्ञाकडून राहून गेला. दुसऱ्या कुणी ते पडताळलं नाही, कारण पडताळावं असा लेखी नियमच कंपनीत नव्हता.

त्या तंत्रज्ञाला दोष देऊन इथे थांबता येत नाही. आठ ठिकाणी हाताने कोड चढवायचा असेल तर कधीतरी एक ठिकाण सुटणारच. पायथनची सेवा आपण आठ वर्कर प्रोसेसवर चालवतो तेव्हाही अवस्था हीच असते. प्रत्येक वर्करने सुरू होताना आपल्याकडच्या नियमांच्या फाइलचा हॅश एका मध्यवर्ती जागी कळवावा, आणि तो मंजूर हॅशशी जुळला नाही तर एकही टूल चालवायला नकार द्यावा. हे लिहायला फार ओळी लागत नाहीत.

वर्करवरून आठवलं, इथे अनुभवी लोकही फसतात. ‘तासाला शंभरपेक्षा जास्त ईमेल नकोत’ अशी हद्द आपण मॉड्यूलमधल्या एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मोजतो. पण प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. आठ वर्कर म्हणजे आठ मोजण्या, म्हणजे प्रत्यक्षात आठशे ईमेल. मोजणी प्रोसेसच्या बाहेर, रेडिस किंवा डेटाबेसमध्ये हवी, आणि वाढवणं व तपासणं एकाच अविभाज्य क्रियेत व्हायला हवं.

१ ऑगस्ट, सकाळी ८.०१: दीड तास आधी

बाजार उघडायला अजून अवकाश होता, पण बाजारपूर्व सत्रातल्या काही ऑर्डरी यायला लागल्या होत्या. नाइटच्या अंतर्गत यंत्रणेने आपोआप ईमेल पाठवायला सुरुवात केली. त्यात स्मार्सचं नाव होतं आणि ‘पॉवर पेग बंद आहे’ अशा अर्थाची त्रुटी होती. साडेनऊपर्यंत असे ९७ ईमेल गेले.

ते कंपनीतल्याच लोकांना गेले, पण कुणी कृती केली नाही. हे ईमेल इशारे म्हणून योजलेलेच नव्हते आणि आले की लगेच वाचावेत अशी पद्धतही नव्हती. दीड तास, ९७ वेळा, बिघाडाचं नाव-गाव सांगणारा मजकूर लोकांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडत होता. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

एजंटवर देखरेख ठेवतो असं म्हणणाऱ्या किती संघांकडे खरं तर फक्त लॉग असतात! पायथनचं लॉगिंग मॉड्यूल आहे, ओपनटेलिमेट्रीचे ट्रेस आहेत, डॅशबोर्ड आहे. प्रश्न एवढाच विचारावा: नाकारलेल्या टूल कॉलची संख्या दहा मिनिटांत तिप्पट झाली तर कुणाचा फोन वाजतो? त्या माणसाला एजंट थांबवण्याचा अधिकार आहे का? आणि त्याने फोन उचलला नाही तर एजंट स्वतःहून थांबतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायला हवं.

सकाळी ९.३०: बाजार उघडला

भारतात तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सात सर्व्हरनी नव्या योजनेच्या ऑर्डरी बरोबर हाताळल्या. आठव्यावर तोच फ्लॅग पोचला आणि नऊ वर्षं निजलेलं पॉवर पेग जागं झालं. ते छोट्या ऑर्डरी पाठवू लागलं. मूळ ऑर्डर पूर्ण झाली हे सांगणारी मोजणी आता त्याच्यापाशी नव्हती, म्हणून ते पाठवतच राहिलं.

ग्राहकांच्या मूळ ऑर्डरी होत्या २१२.

९.३० ते सुमारे १०.१५

त्या २१२ ऑर्डरींपोटी लाखो ऑर्डरी बाजारात गेल्या आणि ४० लाख व्यवहार झाले. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअर्स या हातातून त्या हातात गेले. सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे दीड हजार व्यवहार, आणि मिनिटाला सुमारे १ कोटी डॉलरचं नुकसान. ७५ शेअर्समध्ये तर एकूण उलाढालीच्या २० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या नाइटचा होता.

या काळात नाइटकडे नियम नव्हते असं नाही. चुकीने झालेले व्यवहार ज्या अंतर्गत खात्यात साठत होते, त्याला २० लाख डॉलरची हद्द ठरवून दिलेली होती. पण ती हद्द ऑर्डर बाहेर पाठवणाऱ्या कोडला जोडलेली नव्हती. खात्यातली रक्कम अब्जांच्या घरात गेली तरी राउटरला त्याचा पत्ता नव्हता. देखरेखीचं साधनही होतं. व्यवहार झाल्यावर कुठे किती शेअर्स आहेत ते दाखवायचं, पण आपोआप इशारा देत नसे. कुणीतरी पडद्याकडे बघत बसावं लागे.

घराच्या मीटरपाशी ‘जास्त भार टाकू नका’ अशी पाटी लावणं आणि तिथे एमसीबी बसवणं यांत जो फरक आहे, तोच इथे होता. नाइटकडे पाटी होती.

मग पायथनमध्ये एमसीबी कसा बसवायचा? सर्वांना पहिल्यांदा सुचतो तो डेकोरेटर. टूलच्या फंक्शनवर एक ओळ चढवायची, आणि ते चालण्याआधी नियम तपासायचे. सुरुवात म्हणून हे चांगलं आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरावं. फंकटूल्स मॉड्यूलमधलं रॅप्स वापरलं की मूळ फंक्शन एका ठरलेल्या नावाच्या गुणधर्मात उघडपणे शिल्लक राहतं. एजंटला कोड चालवण्याचं टूल दिलेलं असेल, तर त्याच प्रोसेसमधला कोणताही कोड पहारेकऱ्याला वळसा घालून थेट मूळ फंक्शनपर्यंत पोचू शकतो. त्यासाठी मॉडेलच्या मनात काही वाईट असण्याची गरज नाही. काम अडलं की ते दुसरी वाट शोधतं, आणि वाट उघडी असेल तर सापडते.

म्हणून डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंटची किल्ली एजंटच्या प्रोसेसमध्ये असूच नये. एजंटने फक्त विनंती करावी: अमुक टूल, तमुक माहिती. वेगळ्या प्रोसेसमधल्या द्वारपालाने ती तपासावी आणि तीनपैकी एक उत्तर द्यावं: परवानगी, नकार किंवा माणसाला विचारतो. किल्ली त्याच्याकडेच. दर विनंतीची नोंद निर्णयासकट, कृती होण्याआधी, एजंटला पुसता येणार नाही अशा जागी. आणि द्वारपालाच्या कोडमध्येच बिघाड झाला तर उत्तर नकारच. ‘एक्सेप्ट’ लिहून खाली ‘पास’ लिहायची सवय ज्यांना आहे, त्यांनी निदान या एका फाइलमध्ये ती मोडावी, कारण तिथे गिळलेली प्रत्येक त्रुटी म्हणजे न तपासता उघडलेलं दार.

आता त्या पाऊण तासातला सर्वात दुःखद भाग. बिघाड कुठे आहे हे नाइटच्या लोकांना कळत नव्हतं. अशा वेळी काय करायचं याची लेखी पद्धत नव्हती. त्यांना वाटलं, नव्या कोडमध्येच गडबड आहे, म्हणून तो ज्या सात सर्व्हरवर बरोबर चढला होता तिथून त्यांनी काढून टाकला. फ्लॅग येतच होते. आता त्या सर्व्हरवरही पॉवर पेग जागं झालं.

आधी सगळं थांबवा, कारण नंतर शोधा. पण ‘सगळं थांबवा’ हे एका कळीत हवं, आणि ती कळ आधी दाबून पाहिलेली हवी. एजंटसाठी ती द्वारपालाकडे असावी: एक फ्लॅग उलटा केला की पुढची प्रत्येक विनंती नाकारली जाईल, कोणत्या वर्करवर कोणती आवृत्ती आहे याचा विचार न करता.

१ ऑगस्ट, सव्वादहानंतर

ऑर्डरी थांबल्या तेव्हा नाइटकडे ८० कंपन्यांचे सुमारे ३५० कोटी डॉलरचे न मागितलेले शेअर्स होते, आणि ७४ कंपन्यांचे हातात नसलेले सुमारे ३१५ कोटी डॉलरचे शेअर्स विकले गेले होते, ते देणं बाकी होतं. ते निस्तरताना ४६ कोटी डॉलरहून जास्त गेले. ३१ जुलैला १०.३३ डॉलरवर बंद झालेला नाइटचा शेअर २ ऑगस्टला २.५८ वर बंद झाला. ६ ऑगस्टला काही गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून कंपनी तारली, पण तिची मालकी बदलली. पुढच्या वर्षी तिचं गेटको या कंपनीशी विलीनीकरण झालं.

५ ऑक्टोबर २०१२, मुंबई

दोनच महिन्यांनी राष्ट्रीय शेअर बाजारात एमके ग्लोबल या दलाल कंपनीकडून एका संस्थात्मक ग्राहकाच्या नावे ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या, एकूण ६५० कोटी रुपयांहून जास्त. निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. एवढ्या रकमेच्या ऑर्डरी कुठेही न अडता बाजारापर्यंत पोचल्या होत्या.

१६ ऑक्टोबर २०१३

एसईसीने नाइटला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. बाजारात थेट ऑर्डर पाठवणाऱ्या दलालांनी हद्दीबाहेरची ऑर्डर बाहेर पडण्याआधीच रोखावी, असा नियम आयोगाने २०१० मध्ये केला होता. त्या नियमाखालची ही पहिली कारवाई.

जुलै २०२५

सास्टर या कंपनीचे संस्थापक जेसन लेमकिन रेप्लिट या कोडिंग सेवेचा एआय एजंट वापरून एक ॲप बनवत होते. बदल गोठवलेले आहेत, काही करू नकोस, असं त्यांनी एजंटला बजावलं होतं. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२०० हून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, माहिती परत आणता येणार नाही असंही त्याने सांगितलं. प्रत्यक्षात ती परत आणता आली.

रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी, हे घडणं शक्यच असायला नको होतं, असं जाहीरपणे मान्य केलं. त्यानंतर कंपनीने जे केलं ते प्रॉम्प्टमध्ये आणखी कडक वाक्य घालणं नव्हतं. विकासासाठीचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था त्यांनी आणायला घेतली, आणि एजंटने कोडला हात न लावता फक्त चर्चा करावी अशी वेगळी पद्धतही.