हातकागदाचे व्यावसायिक प्रशिक्षण : कागदीपुऱ्यापासून हातकागद संस्थेपर्यंत

महाराष्ट्रातील हातकागदाच्या इतिहासाचा विचार बहुधा कागद कोठे व कधी तयार झाला, या अंगाने केला जातो. तो तयार करण्याची विद्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे कशी गेली, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात मुख्यतः पुण्याच्या आधारे त्याचा परामर्श घेतला आहे.

जुन्नर, पुण्यातील कागदीपुरा आणि दौलताबाद परिसरातील कागजीपुरा येथे हा व्यवसाय मुसलमान कागदी कुटुंबांकडे होता. जुनी गोणपाटे भिजवून चुन्यात मुरवावयाची, पायाने उचलावयाच्या लाकडी घणाखाली कुटावयाची, लगदा वाहत्या पाण्यात धुवावयाचा, हौदात कालवून गवती काड्यांच्या चटईवर ताव उचलावयाचा, भिंतीवर वाळवावयाचा आणि खळ लावून घोटावयाचा, असा हा क्रम. त्यासाठी निराळी शाळा नव्हती. मुलगा घरच्या हौदाशीच शिके. परक्याला मात्र तेथे सहसा प्रवेश नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांच्या स्वस्त कागदाने हा व्यवसाय खालावला. तुरुंगांतून तयार होणाऱ्या कागदाचीही त्यात भर पडली. कागदी आपली विद्या विसरले म्हणून धंदा बुडाला नाही. तिचे मोल देणारे गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून तो बुडाला. पुढील प्रशिक्षणयोजनांचे मूल्यमापन करताना ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते.

डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली चाललेल्या कार्यात हातकागदाला महत्त्वाचे स्थान होते. के. बी. जोशी यांचे कागदनिर्मितीवरील पुस्तक याच संघाने प्रसिद्ध केले. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. घराण्यात जतन झालेली विद्या आता जन्माने कागदी नसलेल्यालाही शिकता येऊ लागली. सामाजिक दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

प्रशिक्षणाचे स्वरूपही पालटले. गोणपाटाची जागा सुती चिंध्यांनी घेतली व कुटण्याचे कष्ट हॉलंडर यंत्राकडे गेले. चिंध्यांतील बटणे व रबर वेचण्यापासून शिकाऊ कामगाराची सुरुवात होते. एखादा तुकडा राहिला तरी तावावर डाग उमटतो. ताव उचलणे मात्र हाताचेच काम राहिले. चौकट हौदातून वर येताना तिला दिलेल्या हेलकाव्यावर लगदा सारखा पसरणे अवलंबून असते. एक सुबक ताव नवशिक्यालाही जमतो. पाचशे ताव एकाच जाडीचे निघणे, ही व्यावसायिक कसोटी होय. ती पुस्तकाने साधत नाही, आणि अल्प मुदतीच्या वर्गानेही साधेल असे मानणे धाडसाचे ठरेल.

कच्चा माल, पाणी, वीज आणि विक्री यांची जुळणी झाल्याखेरीज हे कौशल्य उपजीविका देऊ शकत नाही. गिरणीच्या कागदाशी किमतीत स्पर्धा अशक्य असल्याने हातकागद चित्रकागद, निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रे व शोभेच्या वस्तूंकडे वळला. राजस्थानातील सांगानेर येथे कागझी कुटुंबांनी परदेशी बाजारपेठ मिळविली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९९० च्या दशकात कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्था स्थापन केली, ती याच सांगानेरात. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे वस्तीचे नाव तेवढे शिल्लक आहे.