घोट्याचें दुखणें : विश्रांति कीं हालचाल ?

इ. स. १७५६ च्या हिंवाळ्यांत लंडनच्या ओल्ड केंट रस्त्यावर पर्सिव्हल पॉट नांवाचा नामांकित शस्त्रवैद्य घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचें हाड मोडून कातडीबाहेर आलें. जमलेले लोक त्यास उचलूं लागले, पण त्यानें कोणासहि हात लावूं दिला नाहीं. मोडलेल्या हाडाची निम्मी हानि अपघातानें आणि निम्मी मदतीस धांवणाऱ्यांच्या घाईनें होते, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार ? गारठलेल्या रस्त्यावर पडल्या पडल्या त्यानें वेस्टमिन्स्टरहून दोन डोलीवाले आपल्या दांड्यांसह बोलाविले, एक दरवाजा विकत घेतला, तो त्या दांड्यांवर खिळवून घेतला आणि त्यावर निजून तो घरीं पोंचला. घरीं जमलेल्या सहकाऱ्यांनीं पाय कापावयाचें ठरविलें होतें. हत्यारेंहि तयार होतीं. इतक्यांत त्याचा गुरु एडवर्ड नर्स आला व पाय वाचण्याजोगा आहे असें त्यानें सांगितलें. पाय वाचला, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या काळांत पॉट यानें लेखणी हातीं धरली.

पुढें १७६८ च्या सुमारास त्यानें अस्थिभंगावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. पायाच्या नळीच्या बाहेरच्या अंगाचें बारीक हाड घोट्याच्या दोन तीन इंच वर मोडतें, आंतल्या अंगाचे बंध तुटतात व पाऊल बाहेर वळतें, अशा दुखापतीचें वर्णन त्यांत आहे. तिला पॉटचेंच नांव मिळालें. गंमत अशी कीं, त्याचा स्वतःचा पाय त्या जागीं मोडलाच नव्हता. पण दंतकथेला अशा तपशिलाची अडचण कधींच वाटत नाहीं.

युरोपांत हें घडण्यापूर्वीं कित्येक शतकें भारतांत या विषयाचा विचार झालेला होता. सुश्रुतसंहितेंत घोट्याला ‘गुल्फ’ म्हटलें असून त्याची गणना मर्मांत केली आहे. तेथें इजा झाली असतां वेदना होतात, पाऊल ताठरतें किंवा मनुष्य लंगडा होतो, असा इशारा तींत आहे. आणि घोट्याच्या दुखण्यांत भिण्यासारखें जें कांहीं आहे तें या तीन गोष्टींत आलेंच. सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगून ग्रंथकार उपचारांकडे वळतो. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून अवयव बांधावा. पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर होत नाहीं, आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो. ती थंडीच्या ऋतूंत सात दिवसांनीं, समशीतोष्ण काळांत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं सोडावी. तरुणपणीं सांधा एका महिन्यांत स्थिर होतो, मध्यम वयांत दोन व उतारवयांत तीन महिने लागतात. याहून मार्मिक गोष्ट हाताच्या तळव्याच्या अस्थिभंगाविषयीं आहे. रोग्यानें प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातांत बळ आल्यावर दगड. दुरुस्त होत असलेल्या अवयवावर भार क्रमाक्रमानें वाढवीत न्यावयाचा, हें तत्त्व येथें किती साधेपणानें सांगितलें आहे !

एकोणिसाव्या शतकांत मात्र पारडें विश्रांतीकडे पार झुकलें. १८५१ मध्यें हार्लेम येथील डच लष्करी वैद्य मॅथिसेन यानें कापडी पट्ट्यांत प्लास्टरची कोरडी पूड चोळून त्या ओल्या करून गुंडाळण्याची युक्ति काढली. क्रिमियाच्या युद्धांत रशियन शस्त्रवैद्य पिरोगोव्ह यानें प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरलें. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस तर सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांति हाच सांध्यांचा उपाय मानी. क्षयानें पोखरलेल्या सांध्यांच्या बाबतींत तें योग्यहि होतें. पण केवळ मुरगळलेल्या घोट्यालाहि तोच न्याय लावला जाऊं लागला, तेव्हां पोटरी वाळलेली, पाऊल थंड पडलेलें व घोटा ताठ, अशीं माणसें काठी टेंकीत हिंडूं लागलीं.

या माणसांना शेवटीं आधार मिळे तो हाडवैद्यांचा. सांध्याला एक हिसका द्यावा आणि रोग्यास चालावयास सांगावें, ही त्यांची रीत. पॉटच्याच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील सर जेम्स पॅजेट यांनीं १८६७ मध्यें या हाडवैद्यांना कोणतीं दुखणीं बरीं करतां येतात यावर व्याख्यान दिलें, व त्यांतलें चांगलें तें डॉक्टरांनीं उचलावें असें सुचविलें. १८७१ मध्यें व्हार्टन हूड यानें हटन नांवाच्या हाडवैद्याजवळ शिकलेली विद्या छापून उघड केली. पॅरिसचा ल्यूका-शांपियोनिएर तर मोडलेल्या हाडांनासुद्धां मर्दन व लौकर हालचाल यांची शिफारस करूं लागला. अर्थात् हाडवैद्याचा हिसका ही दुधारी तलवार आहे. महाराष्ट्रांतील घराघरांतून मुरगळलेल्या पायाला आंबेहळद व तुरटीचा गरम लेप लावतात. त्यानें बरें वाटलें तर वाटो. पण हाड मोडलें आहे कीं नाहीं हें न पाहतां पाय ओढणें हें निव्वळ धाडस होय.

तें पाहण्याची सोय १८९५ मध्यें राँटजेनच्या क्ष-किरणांनीं झाली. पुढें चित्रें इतकीं काढलीं जाऊं लागलीं कीं, १९९२ मध्यें कॅनडांतील ओटावा येथें इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांना तीं केव्हां काढावीं याचे नियम करावे लागले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरांत किंवा टोंकाशीं, दाबल्यास दुखत असेल, अथवा रोग्यास चार पावलेंहि टाकतां येत नसतील, तर चित्र काढावें.

एकदां मुरगळलेला पाय पुन्हां पुन्हां कां मुरगळतो, हें कोडें १९६५ मध्यें लंडनच्या फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हातीं घेतलें. बंध ताणले जातात तेव्हां त्यांतील ज्ञानतंतूंनाहि इजा होते आणि पाऊल कसें पडलें याची वार्ता वेळेवर पोंचत नाहीं, अशी त्यांची उपपत्ति. म्हणून त्यांनीं रोग्यांना डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळावयास लावलें. १९७८ मध्यें अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनीं विश्रांति, बर्फ, दाब व पाय उंच ठेवणें ही चतुःसूत्री रूढ केली. परंतु सूज हा दुरुस्तीचाच भाग असल्यानें फार बर्फ व पूर्ण विश्रांति यांनीं भरून येण्यास उशीर लागूं शकतो, असें पुढें २०१४ च्या सुमारास त्यांनीं स्वतःच लिहिलें.

हाड शाबूत असलें म्हणजे आजचे वैद्य पहिले कांहीं दिवस पट्टा बांधून पाय जपावयास सांगतात, मग दुखणें सोसेल तसा भार टाकावयास लावतात, आणि चालणें सुरळीत झाल्यावरहि कांहीं आठवडे रोज त्याच एका पायावर, प्रथम डोळे उघडे ठेवून व मग मिटून, उभें राहावयास सांगतात.